टॉवरमधली माणसे गेली कुठे?

आमच्या घरात एकट्याने पुस्तक वाचायची सोय नाही. खोली एक, दिवा एक आणि ऐकणारे कान पाच-सहा. त्यामुळे पुस्तक हाती आले की ते मोठ्यानेच वाचावे लागते आणि इंग्रजी असेल तर वाचता वाचता मराठीत सांगावे लागते. आमची पुतणी परवा फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतून एक जाडजूड कादंबरी घेऊन आली. मुखपृष्ठावर बारीक अक्षरांनी भरलेला लंडनचा नकाशा. नाव ‘ब्रोकन होम्स’, म्हणजे ‘मोडलेली घरे’. लेखक बेन अ‍ॅरोनोविच.

"काका, ही पोलिसांच्या तपासाची गोष्ट आहे, पण यात जादू आहे," पुतणीने सांगितले.

आमची आई भिंतीला टेकून लसूण सोलत होती. तिने मान वर न करताच सुनावले, "जादू असेल तर मला नका सांगू. सगळं आयुष्य भगत-देवऋषी घराबाहेर काढण्यात गेलं. आता म्हातारपणी पुन्हा ते कशाला?"

वाचकहो, आईचे म्हणणे आम्हांलाही पटण्यासारखे होते. भूतखेत, अंगात येणे, गंडेदोरे यांना आपल्या घरांनी कधीच रजा दिली आहे. मग जादूगार पोलिसाची गोष्ट आपल्या कुटुंबाच्या पानावर कशासाठी, असे तुम्हीही विचाराल. पण तिसऱ्या संध्याकाळी लसूण तसाच टाकून आईनेच विचारले, "पुढं काय झालं ते सांग." म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम या मालिकेविषयी थोडे सांगतो. अ‍ॅरोनोविच हे 1964 साली जन्मलेले लंडनचे लेखक. ‘डॉक्टर हू’ या गाजलेल्या ब्रिटिश दूरदर्शन मालिकेसाठी त्यांनी 1988 आणि 1989 साली कथानके लिहिली. पुढे काम आटले, तेव्हा पुस्तकाच्या दुकानात विक्रेता म्हणून नोकरी केली आणि ती करता करताच ‘रिव्हर्स ऑफ लंडन’, म्हणजे ‘लंडनच्या नद्या’, ही कादंबरी लिहिली. ती 2011 साली निघाली. काउंटरमागे उभे राहून दुसऱ्यांची पुस्तके विकणाऱ्या माणसाचे स्वतःचे पुस्तक त्याच दुकानाच्या फळीवर आले, ही गोष्टच मोठी गोड आहे. त्यानंतर मालिका थांबली नाही. 2025 पर्यंत तिच्या दहा मोठ्या कादंबऱ्या निघाल्या. मधल्या लहान कादंबऱ्या आणि चित्रकथा वेगळ्याच. आमच्या हाती आलेली ‘ब्रोकन होम्स’ ही चौथी, 2013 सालची.

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडाच्या कथा एका बैठकीत संपवणारी पिढी अजून आपल्या घरांत आहे. त्यांना मालिकेचे सुख वेगळे सांगायला नको. नायक ओळखीचा असतो, त्याचा स्वभाव आपल्याला पाठ असतो, फक्त संकट नवे असते. पण लांब मालिकेला एक धोकाही असतो. पहिल्या पुस्तकात नवलाई असते, दुसऱ्या-तिसऱ्यात ती पुरते, चौथ्यात मात्र लेखकाकडे सांगण्यासारखे खरोखर काही आहे की नाही ते उघडे पडते. म्हणूनच आम्ही चौथ्याविषयी लिहीत आहोत.

नायकाचे नाव पीटर ग्रँट. लंडनच्या पोलिस दलातला साधा कॉन्स्टेबल. आई आफ्रिकेतल्या सिएरा लिओनहून आलेली, कचेऱ्यांची साफसफाई करणारी. बाप गोरा, जॅझ संगीतातला ट्रम्पेटवादक, एके काळी नावाजलेला आणि नंतर अफूच्या जातीच्या नशेने वाया गेलेला. घर केंटिश टाउन भागातल्या सरकारी वसाहतीत. पोराला व्हायचे होते वास्तुविशारद, ते जमले नाही, म्हणून तो पोलिसात भरती झाला. पहिल्या पुस्तकात एका खुनाच्या जागेवर रात्रीचा पहारा देताना त्याला साक्षीदार भेटतो, आणि तो साक्षीदार निघतो भूत! तिथून पीटरची रवानगी होते ‘फॉली’ नावाच्या खात्यात. रसेल स्क्वेअरजवळच्या एका जुन्या वाड्यात हे खाते चालते आणि त्यात अधिकारी एकच, नाइटिंगेल नावाचे इंग्लंडमधले शेवटचे जादूगार. बाकीचे बहुतेक दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत मारले गेलेले. पीटर त्यांचा शिष्य होतो आणि गुन्ह्यात जादूचा हात असला की तपास या दोघांकडे येतो.

आता जादूविषयी. गुरू नाइटिंगेल जे शिकले ते तसेच्या तसे शिकवतात. लॅटिनमधले शब्द घोका, हात असा धरा, दिवा पेटेल. का पेटतो, हे विचारायचे नाही. पण चेला पीटर सफाई कामगाराचा मुलगा, वशिल्याशिवाय वाढलेला. तो प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारतो. जादू केली की जवळचा मोबाइल जळून आतल्या चिपची वाळू होते, हे दिसताच तो प्रयोगच मांडतो. चालू यंत्र जळते का, बंद असले तर वाचते का, किती अंतरावर वाचते? उत्तर सापडल्यावर तो मोबाइलची बॅटरी तोडणारे बटण बसवून घेतो. जागेवर जादूचा अंश किती आहे हे मोजायला त्याच्याकडे यंत्र नाही, म्हणून तो टोबी नावाच्या कुत्र्याच्या भुंकण्यावरून मोजमाप ठरवतो. हे ऐकून आमची आई खदखदून हसली. जास्त जादू करणाऱ्याचा मेंदू आतून सडतो, हेही इथे डॉक्टर शवचिकित्सा करून दाखवतात. म्हणजे फुकटचा चमत्कार इथे नाही. जो काही प्रकार आहे त्याला कारण आहे, किंमत आहे आणि त्याची तपासणी करता येते. डोळे मिटून पाया पडायला हे पुस्तक कुठेच सांगत नाही. भुताची गोष्ट घरात येऊनही घर अंधश्रद्ध होत नाही ते यामुळे. आईचा विरोध मावळला तो इथेच.

नद्यांचे प्रकरणही सांगितले पाहिजे. लंडन म्हटले की आपल्याला एकच थेम्स नदी ठाऊक. पण तिला मिळणाऱ्या फ्लीट, टायबर्न, एफ्रा अशा कितीतरी लहान नद्या शहराच्या पोटात गाडल्या गेल्या आहेत. शहर वाढले, नद्यांची गटारे झाली, वर रस्ते आले. हा खरा इतिहास आहे. अ‍ॅरोनोविच या नद्यांना माणसांचे रूप देतात. थेम्समाई कोण? तर नायजेरियातून नर्सचे शिक्षण घ्यायला आलेली आणि दुःखाने नदीत जीव द्यायला गेलेली बाई. तीच नदी होते. तिच्या लेकी म्हणजे या बुजलेल्या नद्या. परदेशातून राबायला आलेल्या एका काळ्या बाईला लेखकाने राजधानीच्या नदीची मालकीण करून टाकले! याला आम्ही नुसते मनोरंजन म्हणणार नाही. शहर कुणाचे, या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे.

आता चौथ्या पुस्तकाकडे वळू. सुरुवातीला तीन-चार धागे सुटे सुटे येतात. लंडनबाहेर एका मोटारीच्या अपघातात रक्त सापडते, पण ते गाडीतल्या कुणाचेच नसते. सदर्क भागाच्या नगरपालिकेत काम करणारा एक नियोजन अधिकारी आगगाडीखाली जीव देतो. जादूवरचे एक जुने जर्मन पुस्तक चोरीच्या मालात सापडते. एका चोराचा अशा रीतीने जळून मृत्यू होतो की आग बाहेरून लागलेलीच नाही. हे सारे धागे हळूहळू एका इमारतीपाशी येऊन मिळतात. तिचे नाव स्कायगार्डन टॉवर. जागा एलिफंट अँड कॅसल. नाव ऐकून हत्ती आणि किल्ला डोळ्यांपुढे येईल, पण हा आहे दक्षिण लंडनमधला कामगारवस्तीचा भाग.

स्कायगार्डन ही सरकारी भाड्याच्या घरांची काँक्रीटची उंच इमारत. आपल्याकडे म्हाडाची वसाहत असते, तशी तिकडे नगरपालिकेची असते. तिला ‘कौन्सिल इस्टेट’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर कामगारांना हवेशीर घर, स्वतःचे न्हाणीघर आणि परवडणारे भाडे मिळावे म्हणून अशा वसाहती बांधल्या गेल्या. गोष्टीतला हा टॉवर बांधणारा स्ट्रॉमबर्ग हा जर्मनीतून आलेला वास्तुविशारद. त्याने नुसती घरे बांधलेली नाहीत, इमारतीत काहीतरी गूढ योजून ठेवले आहे. ते काय, हे शोधायला पीटर आणि त्याची सहकारी लेस्ली ओळख लपवून टॉवरमधल्या एका रिकाम्या घरात राहायला जातात. टोबी कुत्राही बरोबर. याच टॉवरवर डोळा ठेवून आहे मालिकेतला मोठा खलनायक, बिनचेहऱ्याचा माणूस. त्याला पाहिलेल्यांना त्याचा चेहरा आठवत नाही.

पुस्तकाचा सर्वांत सरस भाग इथून सुरू होतो. लिफ्टमधला वास, जिन्यावरच्या भेटी, शेजारणीने नव्या बिऱ्हाडाची केलेली चौकशी, रहिवाशांसाठी वर्षानुवर्षे भांडणारा म्हातारा कार्यकर्ता, हे सारे लेखकाने जवळून पाहिलेले वाटते. पीटर स्वतः अशाच वसाहतीत वाढला आहे. कुठल्या दारावर थाप द्यायची, कोण खरे बोलेल, कोण पोलिस दिसताच दार लावून घेईल, हे त्याला शिकवावे लागत नाही. वास्तुविशारद व्हायचे राहून गेलेला हा पोरगा इमारत पाहतो तीही अभ्यासूच्या नजरेने. हा खांब इथे कशाला, ही गच्ची अशी का, हा पोकळ दांडा कुठवर जातो? त्याच्या या कुतूहलातूनच रहस्य सुटत जाते.

पण या इमारतीला गळती लागली आहे. अनेक बिऱ्हाडे गेली आहेत आणि रिकाम्या घरांना पोलादी दारे ठोकली आहेत. उरलेल्यांच्या दोन्ही बाजूंना ही बंद दारे. वाचकहो, हे वर्णन वाचताना आमच्या घरात कुणी बोलले नाही. शेजार रिकामा होत गेला की मागे राहिलेल्याच्या छातीत काय होते, ते आपल्यापैकी कितीतरी जणांना समजावून सांगायला नको.

आणि टॉवरचे रहस्य? सगळे सांगून रस घालवणार नाही, पण मूळ कल्पना सांगितल्याशिवाय पुस्तकाचे मोल कळणार नाही. या मालिकेत असे मानले आहे की माणसांच्या जगण्यातून एक शक्ती पाझरते आणि दगडात, काँक्रीटमध्ये, धातूत ती साठून राहते. जिथे खूप माणसे खूप वर्षे राबली, भांडली, हसली, बाळंत झाली, मेली, तिथे ती अधिक. स्ट्रॉमबर्गने टॉवर असा बांधला आहे की शेकडो कुटुंबांच्या जगण्यातून झिरपणारी ही शक्ती गोळा व्हावी. आता बिनचेहऱ्याचा माणूस ती आयती उचलू पाहतो आहे. त्यासाठी इमारत पाडावी लागली तरी त्याला सोयरसुतक नाही. माणसे त्याच्या हिशेबात कुठेच नाहीत.

हे ऐकून आई म्हणाली, "म्हंजे राहिले हे, झिजले हे, आणि कमाई त्याची."

याहून नेमके परीक्षण आम्हांला लिहिता येणार नाही. गरिबांच्या वसाहतीला कागदावर नेहमी ओझे म्हटले जाते. मोडकी, कुरूप, गुन्ह्यांचे घर, शहराला डाग. या कादंबरीने तो कागद उलटा धरला आहे. त्या इमारतीत काही मोलाचे असेल तर ते तिथे राहणाऱ्यांनीच निर्माण केलेले आहे, आणि ते मोल आहे म्हणूनच तर चोर येतो, असे ती सांगते. जादू काढून टाकली तरी ही गोष्ट उरते. शहराच्या मध्यभागी चाळीस वर्षे राहून ज्यांनी जागेला किंमत आणली, त्यांनाच त्या किमतीत जागा परवडत नाही!

कादंबरीत टॉवरच्या आवारातली झाडेही पात्र आहेत. त्यांची एक पोर आहे, स्काय नावाची वनकन्या. खोडकर, नाचरी, गोड खाऊ मागणारी. वसाहतीतल्या झाडांची राखण म्हणजे तिचे प्राण. त्या झाडांचे आणि तिचे जे होते तो प्रसंग आम्ही घरात मोठ्याने वाचू शकलो नाही. पुतणीने पुस्तक हातातून घेतले आणि मनातल्या मनात वाचले. साऱ्या पुस्तकात मारामाऱ्या पुष्कळ आहेत. नाइटिंगेल आणि एका रशियन जादूगारणीची एसेक्समधल्या शेतावरची झुंज तर चित्रपटात शोभावी अशी. पण लक्षात राहतो तो झाडांचाच प्रसंग.

आता खरी घडलेली हकिकत सांगतो. स्कायगार्डन टॉवर लेखकाच्या कल्पनेतला. पण त्याच एलिफंट अँड कॅसल भागात हेगेट इस्टेट नावाची सदर्क नगरपालिकेची खरीखुरी वसाहत होती. ती 1974 साली पुरी झाली. सुमारे बाराशे घरे, तीन हजारांच्या आसपास माणसे, आणि काँक्रीटच्या लांबलचक इमारतींमध्ये वाढलेली चारशेहून अधिक झाडे. ती पाडून नवी वस्ती उभारायचे ठरले आणि जमीन एका मोठ्या विकासक कंपनीला 5 कोटी पौंडांना द्यायचा करार झाला. माणसे टप्प्याटप्प्याने हलवली गेली, रिकाम्या घरांची दारे बंद झाली. 2011 मध्ये पाडकाम सुरू झाले आणि 2014 पर्यंत वसाहत नाहीशी झाली. शेवटचे रहिवासी बाहेर काढले गेले ते 2013 साली, म्हणजे ही कादंबरी निघाली त्याच वर्षी. त्याच जागेवर अडीच हजारांहून अधिक नवी घरे उभारायची ठरली. त्यांत पूर्वीसारख्या सरकारी भाड्याची किती? शंभराच्या आसपास. बाकीची बहुतेक बाजारभावाने विकायची किंवा त्याच्या जवळपासच्या भाड्याची.

आईने विचारले ते इथेच. "मग तिथली माणसं गेली कुठं?"

कादंबरीत याचे उत्तर नाही, म्हणून आम्ही बाहेर शोधले. भाडेकरूंना त्याच नगरपालिकेच्या हद्दीतल्या निरनिराळ्या वसाहतींत घरे मिळाली. म्हणजे छप्पर मिळाले, पण शेजार पांगला. ज्यांनी 1980 च्या कायद्याचा आधार घेऊन आपले सरकारी घर विकत घेतले होते, त्यांची गत आणखी अवघड. मिळालेल्या मोबदल्यात त्याच भागात दुसरे घर घेणे शक्य नव्हते. काहींना लंडनच्या कडेला, काहींना त्याही पलीकडे जावे लागले. परतून येण्याचा हक्क देऊ, असे आश्वासन सुरुवातीला होते. पण नव्या वस्तीत परवडणारी घरेच इतकी थोडी, की परतलेली कुटुंबे हातांच्या बोटांवर मोजावीत. झाडांसाठीही रहिवाशांनी भांडण केले. त्यामुळे काही झाडे वाचली, बरीच गेली. कादंबरीतली स्काय डोळ्यांपुढून हलत नाही ती या झाडांमुळे.

आता पुस्तकाचे दोष. परीक्षण लिहायचे तर हात आखडून चालत नाही.

पहिला दोष असा की पहिली शंभर-सव्वाशे पाने धागे फार विस्कटलेले आहेत. एक खून इकडे, एक चोरी तिकडे, मध्येच थेम्सच्या काठी नदीदेवतांची जत्रा. जत्रा मौजेची आहे, पण तपास जागचा हलत नाही. घरी ऐकणाऱ्यांना ‘हा कोण, तो कोण’ हे आम्हांला चार वेळा सांगावे लागले. दुसरे असे की आधीचे तीन भाग न वाचता हे पुस्तक उचलले तर अर्धी गंमत हरवते. लेस्लीचा चेहरा पहिल्या पुस्तकाच्या शेवटी कायमचा विद्रूप झाला आहे आणि ती मुखवटा घालून वावरते. ती व्यथा ठाऊक नसेल, तर या पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानांवर जे घडते त्याचा घाव बसत नाही. काय घडते ते आम्ही सांगणार नाही. एवढेच सांगतो की आमची पुतणी रात्री साडेअकराला ‘नाही!’ म्हणून ओरडली आणि शेजारच्या खोलीतून विचारणा झाली.

तिसरा दोष आम्हांला अधिक टोचला. शेवटची धावपळ सुरू झाली की रहिवासी मागे पडतात. त्यांना इमारतीबाहेर काढण्याची घाई आहे, पण बाहेर पडल्यावर ती माणसे कुठे झोपली, कुणाच्या दारात उभी राहिली, याला दोन पानेही मिळत नाहीत. गच्चीवर जादूगार झुंजतात आणि लेखकाचे लक्ष तिकडेच राहते. ज्यांची घरे मोडली त्यांच्या नावाने पुस्तक काढले, तर शेवटी त्यांच्याकडे वळून पाहायला हवे होते. आईच्या प्रश्नाचे उत्तर कादंबरीत मिळाले नाही ते त्यामुळेच.

चौथी गोष्ट पोलिसांची. लंडनच्या पोलिस दलात वर्णभेद मुरलेला आहे, असे सरकारने नेमलेल्या मॅकफर्सन चौकशीने 1999 साली स्पष्ट लिहिले. 1993 मध्ये स्टीफन लॉरेन्स या काळ्या तरुणाचा खून झाला. पोलिसांनी त्याचा तपास जसा केला, त्यावर ही चौकशी होती. पुढे 2023 च्या केसी अहवालानेही तेच म्हटले. अशा दलातला काळा कॉन्स्टेबल हा नायक. पीटर सहकाऱ्यांची बोलणी विनोदावर नेतो, टोमण्याला टोमणा मारून पुढे जातो. नोकरी टिकवायची तर माणूस असेच करतो, हे खरे आहे. तरी कधीतरी त्याने थांबून रागावायला हवे होते, असे आम्हांला वाटत राहिले. पोलिस कामाचे वर्णन मात्र चोख आहे. दारोदार चौकशी, जबाब, आणि प्रत्येक कागद संगणकात भरण्याचा कंटाळा. त्या संगणक यंत्रणेचे नावच ‘होम्स’ आहे आणि ते गोष्टीतले नाही, ब्रिटिश पोलिस ही यंत्रणा 1980 च्या दशकापासून खरोखर वापरत आले आहेत. शेरलॉकचे नाव जुळावे म्हणून कुणा अधिकाऱ्याने डोके चालवले असणार!

हे सारे दोष धरूनही आम्ही म्हणू की पुस्तक वाचावे. तरुण मुला-मुलींनी तर वाचावेच. रहस्यकथेत साफसफाई करणारी बाई येते ती बहुधा पहिल्या पानावर प्रेत सापडल्यावर किंचाळण्यापुरती. या मालिकेत ती नायकाची आई आहे. ती मुलाला धाकात ठेवते, झणझणीत जेवायला घालते, आणि तिच्या कामाची मुलाला लाज नाही. आमच्या आईने बावीस वर्षे एका कचेरीत झाडलोट केली. पीटरची आई काय काम करते हे ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कचेरीत कोण काय करतो ते साहेबाला नसतं ठाऊक. टोपली उचलणारीला ठाऊक असतं. तिचा पोरगा तपास करणारच." मालिकेचा नायक असा का, याचे हे उत्तर लेखकालाही आवडले असते.

वाचण्याविषयी दोन व्यवहाराच्या गोष्टी. सुरुवात पहिल्या पुस्तकापासूनच करा. ‘रिव्हर्स ऑफ लंडन’, ‘मून ओव्हर सोहो’ आणि ‘व्हिस्पर्स अंडर ग्राउंड’ या तिघी झाल्या की हे चौथे घ्या. पुढे ‘फॉक्सग्लव्ह समर’ मध्ये पीटर लंडन सोडून खेड्यात जातो. मग ‘द हँगिंग ट्री’, आणि त्यानंतरच्या सातव्या ‘लाइज स्लीपिंग’ मध्ये, 2018 साली, बिनचेहऱ्याच्या माणसाचा हिशेब पुरा होतो. इंग्रजी बोलीभाषेतले आहे, लंडनच्या रस्त्यावरचे. पहिल्या पन्नास पानांत अडखळाल, नंतर वेग येतो. कॉलेजात जाणाऱ्यांनी शब्दकोश जवळ ठेवून घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. त्याने दोघांचाही फायदा होतो, हा आमचा अनुभव. ज्यांना कानाने ऐकायचे आहे त्यांच्यासाठी कोबना होल्डब्रुक-स्मिथ या नटाच्या आवाजात ही पुस्तके ध्वनिमुद्रित झालेली आहेत. प्रत्येक पात्राची बोली तो वेगळी करतो. इंग्रजी कानावर बसायला हा चांगला मार्ग आहे. लहान मुलांना मात्र हे पुस्तक देऊ नका. खून आणि रक्त मोकळेपणाने आले आहे. पंधरा-सोळाच्या पुढे ठीक.

पुस्तक संपले त्या रात्री आईने पुतणीला जवळ बोलावले. "त्या लेखकाला पत्र लिहिता येतं का ग?"

"येत असेल आजी. काय लिहू?"

"लिही की गोष्ट छान आहे. पण पुढच्या वेळी त्या टॉवरातल्या माणसांना कुठं घरं मिळाली तेवढं सांग. आम्ही वाट बघतोय म्हणावं."

पत्र लिहून झाले आहे. पुतणीने इंग्रजीत केले, आईने खाली मराठीत सही केली. उत्तर आले तर याच जागी कळवू. तोवर तुमच्या घरात मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या पुस्तकांविषयी आम्हांला जरूर लिहा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी मध्येच काय विचारले तेही लिहायला विसरू नका.